अपडेटनंतर १४४ चा मॉनिटर ६० हर्ट्झवर अडकला? ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी हे तपासा

मे महिन्यातली संध्याकाळ. सांगलीत वळीव पडून गेला होता, लाइट दोनदा जाऊन आली होती आणि विश्रामबागच्या घरात मी निवांत बसून ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांची बोलणी करून देणारं सॉफ्टवेअर, अपडेट केला. स्क्रीन दोनदा काळी झाली, परत आली, इन्स्टॉल पूर्ण झाल्याची पाटी दिसली. मग माउस हलवला आणि काहीतरी खटकलं. बाण सरकत नव्हता, टप्पे खात जात होता. ब्राउझरची खिडकी धरून इकडून तिकडे ओढली तर तिच्यातली अक्षरं फरफटत मागून येत होती. दोन वर्षं १४४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र नव्यानं दाखवत, चाललेला मॉनिटर गपचूप ६० वर येऊन बसला होता.

पुढच्या चार रात्री मी तोच ड्रायव्हर तीन वेळा काढला आणि तीन वेळा घातला. एकदा जुना घालून बघितला. पाचव्या दिवशी एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "फॉरमॅट मारायला लागतंय साहेब, डाटा काढून ठेवा." नशीब, मी त्या दिवशी मशीन सोबत नेलं नव्हतं. कारण दोष ड्रायव्हरमध्ये नव्हता आणि विंडोजमध्येही नव्हता. तो कुठे होता ते चौथ्या पायरीत सांगतो. पण त्या चार रात्रींत मी जे उलटसुलट केलं, ते सरळ क्रमानं लावून इथे देतोय. क्रम असा ठेवलाय की फुकटात आणि दोन मिनिटांत होणारं आधी, घाम काढणारं शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं.

अपडेटनंतर हे का होतं ते आधी थोडक्यात. प्रत्येक मॉनिटरच्या आत स्वतःबद्दलची माहिती साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. स्थळाचा बायोडाटा असतो ना, तसाच हा मॉनिटरचा बायोडाटा: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, रेझोल्यूशन किती, कोणकोणते रिफ्रेश रेट झेपतात. त्याचं पहिलं पान अवघं १२८ बाइटचं. बऱ्याच गेमिंग मॉनिटरमध्ये या पहिल्या पानावर पसंतीचा म्हणून ६० हर्ट्झच लिहिलेला असतो. १४४, १६५ वगैरे मंडळी मागे जोडलेल्या पानावर असतात. नवा ड्रायव्हर बसला की तो मॉनिटरला पहिल्यांदाच भेटल्यासारखा वागू शकतो. बायोडाटा परत वाचतो, तुमची जुनी निवड विसरतो आणि पहिल्या पानावरचं मान्य करून मोकळा होतो. मोडत काहीच नाही. म्हणून घाबरून लगेच काही उचकटायला जाऊ नका.

आणि फरक डोळ्याला का जाणवतो? ६० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ वर सुमारे ६.९. एकदा ६.९ ची सवय लागली की ६० म्हणजे बुलेटवरून उतरून बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं.

हाताशी काय काय ठेवायचं

- मॉनिटरचा मॉडेल नंबर. मागच्या स्टिकरवर असतो. त्यावरून कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल फोनवर उतरवून घ्या.
- कार्डचं नेमकं नाव आणि सध्याच्या ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक. आधीचा क्रमांक माहीत असेल तर तोही.
- विंडोजचा पासवर्ड. पिन नव्हे, पासवर्ड. का ते सातव्या पायरीत येईल.
- चार्ज केलेला मोबाइल, टॉर्चसाठी आणि स्क्रीनचे फोटो काढायला. काळ्या स्क्रीनसमोर बसून गुगल करता येत नाही.
- मॉनिटर आणि कार्डाची बिलं, वॉरंटीत असतील तर.
- यूपीएस किंवा इन्व्हर्टर. पावसाळ्याच्या तोंडावर तर हा मुद्दा मी पहिला लिहायला हवा होता.

१. खरंच बिघडलंय का, ते आधी बघा

पहिला घोळ इथेच होतो. गेममध्ये कोपऱ्यात दिसणारा एफपीएस वेगळा आणि मॉनिटरचा रिफ्रेश रेट वेगळा. कार्ड सेकंदाला किती चित्रं तयार करतंय तो एफपीएस. मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं दाखवतोय तो रिफ्रेश रेट. अपडेटनंतर एफपीएस १२० वरून ७० वर आला असेल तर तो आजार वेगळा, हा लेख त्याच्या कामाचा नाही.

रिफ्रेश रेट पडताळायचे दोन सोपे मार्ग आहेत. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा. माहिती किंवा इन्फर्मेशन नावाच्या पानावर बहुतेक मॉनिटर सध्याचं रेझोल्यूशन आणि हर्ट्झ दाखवतात. हा आकडा सगळ्यात विश्वासाचा, कारण प्रत्यक्षात जे पोचतंय तेच मॉनिटर सांगतो. दुसरा मार्ग म्हणजे ब्राउझरमध्ये टेस्टयूएफओ ही साइट उघडणं. तिथे वेगवेगळ्या वेगानं उडणाऱ्या तबकड्या दिसतात आणि खाली मोजलेला आकडा येतो. दोन मॉनिटर असतील तर खिडकी योग्य मॉनिटरवर ओढून मग बघा, नाहीतर भलत्याचाच आकडा वाचाल.

५९ किंवा ५९.९४ दिसलं तर ते ६० च समजा. १४३.९ च्या आसपास काही दिसलं तर ते १४४. जुन्या टीव्हीच्या काळापासून ६० भागिले १.००१ असा हिशेब चालत आलाय, त्यातून हे अपूर्णांक येतात. एका मित्रानं ५९.९४ घालवण्यासाठी रविवार खर्ची घातला होता. त्याला अजून चिडवतो.

२. विंडोजमध्ये आकडा हातानं निवडा

दहातल्या बहुतेक जणांचं काम इथेच मिटतं.

विंडोज ११ मध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. वर मॉनिटर निवडायची यादी असते, तिथे आपला मॉनिटर निवडा. मग रिफ्रेश रेटच्या यादीतून हवा तो आकडा. विंडोज १० मध्येही वाट तीच, फक्त ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंग्ज असं लिहिलेलं असतं. आकडा बदलला की विंडोज विचारतं, ही सेटिंग ठेवायची का? १५ सेकंद गप्प राहिलात तर जुनं परत येतं. स्क्रीन काळी झाली तर काही दाबू नका, मनात पंधरापर्यंत मोजा. पॉवर बटणाकडे जाणारा हात दुसऱ्या हातानं धरा.

याच पानावर डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड अशा दोन ओळी असतात. या दोन्हींतलं रेझोल्यूशन वेगवेगळं दिसत असेल तर कार्ड मधल्यामध्ये चित्र ताणून पाठवतंय. अशा वेळी आधी रेझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ मापावर आणा, मग हर्ट्झची यादी परत बघा. अनेकदा ती लगेच लांब झालेली दिसते.

यादीत १४४ आहे आणि निवडता येतंय? संपलं. उठा, चहा घ्या. यादीत १४४ नाहीच? मग पुढे.

३. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकवा

एनव्हीडियाचं कार्ड असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडून डाव्या बाजूला चेंज रेझोल्यूशनवर जा. इथे एक सापळा आहे. रेझोल्यूशनची यादी दोन भागांत असते: वर टीव्हीची मापं, अल्ट्रा एचडी आणि एचडी असं शीर्षक असलेली, आणि खाली सरकवलं की पीसी नावाचा भाग. १९२० गुणिले १०८० दोन्हीकडे असतं. वरच्या भागातलं निवडलं तर रिफ्रेश रेटची यादी ६० च्या आसपासच थांबू शकते. खाली सरका, पीसी भागातलं तेच माप निवडा, मग शेजारची यादी उघडा. एचडीएमआयवर मॉनिटर लावलेला असताना हे बऱ्याचदा होतं, कारण ड्रायव्हरला समोर टीव्ही आहे असं वाटतं.

एएमडीवाल्यांनी ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेचं पान बघावं. फ्रीसिंक (कार्डाच्या वेगाप्रमाणे मॉनिटरचा रिफ्रेश रेट जुळवणारी सोय) चालू आहे का, कस्टम रेझोल्यूशनमध्ये काही जुनं पडलंय का, एवढं पुरे. इंटेलच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येही डिस्प्लेच्या पानावर रिफ्रेश रेट असतो.

कस्टम रेझोल्यूशन हे प्रकरण मोहात पाडणारं आहे. यादीत १४४ नाही, मग स्वतःच टाकू की! टाकता येतं. कधीकधी चालतंही. पण आत्ता टाकू नका. का, ते लगेच सांगतो, कारण माझ्या चार रात्री याच्यातच गेल्या.

४. केबल आणि पोर्ट: इथे वेळ द्या

पाचव्या दिवशी रात्री मावसभावाला पुण्याला फोन लावला. माझं मशीन दोन वर्षांपूर्वी त्यानंच जोडून दिलं होतं.

"दादा, मॉनिटरला केबल कुठली हाय?"

"तू लावलेलीच की. एचडीएमआय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "आयला. त्यात १४४ मी हातानं टाकलं होतं. यादीत येतच नव्हतं."

झालं होतं ते असं. माझ्या मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये एक छोटा तक्ता आहे: एचडीएमआयवर १२० हर्ट्झपर्यंत, डिस्प्लेपोर्टवर १४४. त्या दिवशी घरात डिस्प्लेपोर्टची केबल नव्हती, म्हणून भावानं एचडीएमआय लावून कस्टम रेझोल्यूशननं १४४ बळंच चालवलं. बायोडाट्यात नसलेली गोष्ट त्यानं पेननं लिहिली म्हणा. ते दोन वर्षं टिकलं. मी ड्रायव्हर घालताना क्लीन इन्स्टॉलवर टिक केली आणि जुन्या सेटिंगसोबत ती पेननं लिहिलेली ओळही पुसली गेली. ड्रायव्हरनं बायोडाटा वाचला, एचडीएमआयच्या रकान्यात १२० च्या वर काही नव्हतं, त्यानं दाखवलं नाही. त्याचं काय चुकलं?

आता आठवतं की त्या दोन वर्षांत कधीतरी, आठवड्यातून एकदा वगैरे, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत यायची. मी म्हणायचो व्होल्टेज कमीजास्त होतंय. व्होल्टेजचा काही संबंध नव्हता. केबलीतून जेवढं जायला पाहिजे त्याच्या काठोकाठ जात होतं आणि मधूनच सांडत होतं.

हिशेब बघा. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला १४४ चित्रं. गुणाकार सुमारे ७.२ गिगाबिटवर जातो आणि दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेचे सिग्नल त्यात वेगळे. एचडीएमआय १.४ ची कागदावरची क्षमता १०.२ गिगाबिट, त्यातली प्रत्यक्ष चित्राला मिळते ८ च्या थोडी वर. म्हणून कंपन्या या पोर्टवर १२० ला थांबतात.

ढोबळ अंदाजासाठी, आधी रेझोल्यूशन आणि त्यापुढे जास्तीत जास्त हर्ट्झ:

- एचडीएमआय १.४ : फुल एचडी १२०, फोर-के ३०
- एचडीएमआय २.० : फुल एचडी २४०, १४४०पी १४४, फोर-के ६०
- डिस्प्लेपोर्ट १.२ : १४४०पी १६५ पर्यंत, फोर-के ६०
- डिस्प्लेपोर्ट १.४ : फोर-के १२०
- डीव्हीआय ड्युअल लिंक : फुल एचडी १४४, सिंगल लिंक असेल तर ६०

पण हे रस्त्याचं माप झालं. गाडी कुठवर पळणार ते मॉनिटरच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यावर ठरतं. कार्डाला एचडीएमआय २.० असलं आणि मॉनिटरला १.४ असलं तर १.४ चाच नियम लागू.

आता वाकून मागे बघा. टॉर्च घ्या. हे सापळे एकेक करून तपासा:

केबल मदरबोर्डच्या पोर्टात तर नाही ना? कॅबिनेटच्या मागे वर उभ्या रांगेत यूएसबीच्या शेजारी जे एचडीएमआय असतं ते मदरबोर्डचं. ग्राफिक्स कार्डाची पोर्टं खाली, आडवी असतात. दिवाळीच्या साफसफाईत केबल काढून परत लावताना हमखास वरच्यात जाते. मग तुम्ही महागाच्या कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करत बसता आणि चित्र येतं प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून.

मध्ये कन्व्हर्टर आहे का? व्हीजीएचा, किंवा दोनशे रुपयांचा कुठलाही. काढून टाका. स्वस्तातले हे प्रकार ६० हर्ट्झवरच अडतात. आणि एचडीएमआयचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टच्या कार्डाला जोडणारा कन्व्हर्टर उलट दिशेनं चालत नाही, हे पैसे घालवल्यावर कळतं.

डिस्प्लेपोर्टच्या केबलला बऱ्याचदा वर एक खटका असतो. तो दाबून मगच ओढायचं. न दाबता जोर लावला तर केबल निघेल, पण पोर्ट घेऊन निघेल.

केबल विकत घ्यायची वेळ आली तर दुकानात नुसतं डिस्प्लेपोर्टची केबल द्या असं म्हणू नका. मॉनिटरचं मॉडेल, रेझोल्यूशन आणि हर्ट्झ फोनवर दाखवा. लांबी दीड-दोन मीटरच घ्या. पाच मीटरची स्वस्तातली केबल जास्त वेगाला दगा देते. एचडीएमआयच घ्यायची असेल तर पाकिटावर हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड की अल्ट्रा हाय स्पीड ते वाचा: १०.२, १८ आणि ४८ गिगाबिट असा त्यांचा चढता क्रम आहे. स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये आणखी एक भानगड असते. विसाव्या पिनेची तार प्रमाणित केबलमध्ये जोडलेली नसते, काही सुमार केबलमध्ये ती जोडलेली असते आणि मॉनिटरचा करंट उलटा कार्डात जातो. मशीन बंद केल्यावरही पंखा किंवा दिवा अर्धवट जिवंत राहिला, किंवा केबल काढल्याशिवाय मशीन चालूच होईना, तर संशय तिच्यावर घ्या.

मला केबल साडेपाचशेला पडली. लावली, आणि स्क्रीनवर नो सिग्नल! पुन्हा धस्स झालं. मॉनिटर अजून एचडीएमआयच्याच इनपुटवर बसला होता. मेनूतून इनपुट बदललं, यादी उघडली, १४४ तिथे पहिल्यापासून असल्यासारखं बसलेलं.

५. मॉनिटरचा स्वतःचा मेनू

केबल बरोबर असूनही आकडा येत नसेल तर मॉनिटरच्या मेनूत दोन गोष्टी शोधा. काही मॉनिटरमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडता येते, ती १.१ वर असेल तर १.२ किंवा १.४ करा. आणि १४४ च्या वरचा जो आकडा खोक्यावर छापलेला असतो, उदाहरणार्थ १६५, तो काही मॉडेलमध्ये ओव्हरक्लॉक नावाच्या वेगळ्या बटणामागे असतो. ते बंद असेल तर विंडोजला १६५ दिसणारच नाही.

यानंतर एकदा दोन्ही यंत्रं बंद करा, मॉनिटरची आणि कॅबिनेटची पिन भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, मग आधी मॉनिटर आणि नंतर कॉम्प्युटर चालू करा. गावठी उपाय वाटतो, पण मॉनिटर आणि कार्ड यांची बोलणी परत पहिल्यापासून होतात आणि अडकलेला बायोडाटा नव्यानं वाचला जातो.

६. डिव्हाइस मॅनेजर

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डाचं नाव दिसतंय का? तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं लिहिलं असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली की हे होऊ शकतं. ड्रायव्हरची फाइल परत चालवा.

नाव बरोबर असेल पण अपडेटच्या आधी सगळं नीट चालत होतं याची खात्री असेल, तर त्या नावावर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर. बटण फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. तो कंपनीच्या साइटवरून क्रमांकानं शोधून घ्यावा लागेल.

खाली मॉनिटर्सच्या यादीत जेनेरिक पीएनपी मॉनिटर दिसलं म्हणून बिचकू नका, ते चालतं. त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि वरच्या मेनूतून स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस करा. मॉनिटर परत ओळखला जातो.

मध्येच चित्र गोठलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा परत सुरू होतो. बाकी उघडलेलं काम जागच्या जागी राहतं.

७. ड्रायव्हर मुळापासून काढून परत घालणं

मी पहिल्या रात्री जे केलं ते तुम्ही सगळ्यात शेवटी करा. वरच्या सहा पायऱ्या झाल्याशिवाय इथे येऊ नका.

आधी तयारी. कार्डाच्या नेमक्या मॉडेलचा आणि तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. जुनं कार्ड असेल तर सगळ्यात नवाच पाहिजे असा हट्ट नको. एनव्हीडियानं जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठी नियमित गेम-रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच देणार असं जाहीर केलं होतं, त्यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. मग डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हे फुकट मिळणारं साधन उतरवा. एक रिस्टोर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला परत नेता येईल.

विंडोज ११ च्या अनेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. ड्रायव्हर काढायला सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जावं लागतं; तिथे जाताना ती अठ्ठेचाळीस अंकी बिटलॉकर की मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आधीच फोनवर लॉगिन करून कागदावर उतरवून घ्या. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर पासवर्ड लागतो, म्हणून तोही आठवून ठेवा. माझा मला आठवत नव्हता. तिसऱ्या रात्रीचे दोन तास त्यात गेले.

मग इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, लॅनची केबल उपटा. हे विसरलात तर तुम्ही ड्रायव्हर काढाल आणि नवा घालण्याआधीच विंडोज अपडेट मागच्या दारानं स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवेल. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबा. सेफ मोडमध्ये सगळं मोठं आणि ओबडधोबड दिसेल, ते बरोबर आहे. डीडीयू उघडा, प्रकारात जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, निवडा, कंपनी निवडा आणि क्लीन अँड रीस्टार्ट. मशीन नेहमीसारखं चालू झालं की उतरवून ठेवलेली फाइल चालवा. मध्ये दोन-तीनदा स्क्रीन काळी होते. थांबा. पूर्ण झाल्यावर रीस्टार्ट, मग नेट जोडा, मग दुसऱ्या पायरीवर जाऊन आकडा परत निवडा. ही शेवटची गोष्ट राहून जाते आणि लोक म्हणतात, एवढं करून पण ६० च!

बाहेर विजा चमकत असतील तर हे काम उद्यावर ढकला.

लॅपटॉपवाल्यांनी ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा. आणि त्याआधी चार्जर लावून बघावा. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप रिफ्रेश रेट स्वतःच खाली आणतात. तो दोष नाही.

८. विंडोजमध्ये १४४, पण गेममध्ये ६०

गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटची वेगळी यादी असते, अपडेटनंतर तीही ६० वर गेलेली असू शकते. तिथेच एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक (एफपीएसला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बघा. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलच्या थ्रीडी सेटिंगमध्ये प्रिफर्ड रिफ्रेश रेट नावाची ओळ दिसत असेल तर ती हायेस्ट अव्हेलेबल करा. एवढंच.

हे सगळं करूनही यादीत हवा तो आकडा नाही, तर मॉनिटर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला, त्याच केबलनं, लावून बघा. तिथेही नाही आला तर त्यांची केबल लावून बघा. तरीही नाहीच आला तर मॉनिटर बिलासकट सर्व्हिस सेंटरला. त्याच केबलनं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आकडा आला तर दोष तुमच्या कार्डाकडे किंवा पोर्टाकडे. कार्डाचं दुसरं पोर्ट वापरून बघा, बऱ्याच कार्डांना दोन-तीन असतात. दुकानात जायची वेळ आलीच तर फॉरमॅटला हो म्हणण्याआधी काउंटरवरच्याच एका मॉनिटरला तुमचं मशीन त्यांच्या डिस्प्लेपोर्ट केबलनं जोडून दाखवायला सांगा.

गणपतीत मावसभाऊ घरी आला तेव्हा त्यानं माझ्या कॅबिनेटच्या बाजूला सेलोटेपनं चिकटवलेली चिठ्ठी वाचली. तिच्यावर नीट चालणाऱ्या ड्रायव्हरचा क्रमांक, तारीख आणि खाली लिहिलंय: डिस्प्लेपोर्ट, वरून दुसरं पोर्ट, १४४, कस्टम काही नाही. शेवटचे तीन शब्द त्यानं दोनदा वाचले आणि भडंगाची वाटी घेऊन गॅलरीत गेला.